काचेतल्या पुतळीची कंबर

मी कपड्यांच्या दुकानातली एक जुनी पुतळी आहे. मित्रांनो, कारखान्यातल्या साच्यातून बाहेर आले तेव्हा माझी कंबर अशी बारीक होती, की तिच्यात पोट मावलंच नसतं. तसं मला पोट नव्हतंच, त्यामुळे अडलं नाही.

दुकानाच्या मालकीणबाईंनी मला काचेमागे उभं केलं. कुठलाही कपडा मला ढगळच व्हायचा. मग त्या पाठीमागून टाचण्या लावायच्या. समोरून मात्र मी झोकात! रस्त्यावरच्या बायका थबकायच्या, "काय बांधा आहे!" म्हणायच्या आणि पोट आत ओढून पुढे जायच्या. मी फुशारून जायचे.

मालकीणबाईंच्या शाळकरी मुलीला सगळे लाडानं ढमी म्हणत. आजी तिचे गाल ओढून म्हणायची, "अंगानं भरलेली पोर कशी ठणठणीत असते!"

मालकीणबाई सासूला म्हणायच्या, "अहो आई, आता तसं नसतं. जरा त्या पुतळीकडे बघा."

आजीनं नाही, ढमीनं बघितलं. रोज बघू लागली आणि ताटावरून अर्धपोटी उठू लागली. एका दुपारी मला झगा घालताना तिला भोवळ आली. आधाराला तिनं मलाच मिठी मारली. माझ्यात कसलं आलंय बळ? दोघी धाडकन पडलो. माझे कमरेत दोन तुकडे झाले.

मालकीणबाईंनी पाण्याचा हबका मारला. ढमी शुद्धीवर आली आणि रडत म्हणाली, "मला हिच्यासारखं व्हायचंय."

आजीनं माझा वरचा तुकडा उचलून आत डोकावून पाहिलं. "हिच्यासारखं? अगं, हिच्यात काळीजसुद्धा नाही!"

मला फार लागलं. पण खोटं कसं म्हणू?

डॉक्टरीणबाईंनी ढमीला तपासलं. "रक्त कमी आहे," त्या म्हणाल्या. आजीनं सुनेकडे असं पाहिलं, जणू खटलाच जिंकला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि आजी, गाल बघून तब्येत कळत नाही. पोटभर जेवू दे, हुंदडू दे. वाढतं अंग आहे." दोघी सासू-सुना एकदम खाली बघू लागल्या.

मालकीणबाईंनी मला सांधलं. मोडलेल्या जागी जुनी उशी बांधून वरून कापड शिवलं. मी चांगलीच सुटले! वाटलं, आता कोण विचारतंय? पण एक बाई काचेशी थांबली, हसली आणि पोट आत न ओढता थेट दुकानात शिरली. "हिच्या अंगावरचाच द्या. मला होईल."

आता ढमी माझ्या शेजारीच बसून जेवते. मित्रांनो, माझ्याकडे बघून कपडे खुशाल निवडा, अंग मात्र आपापलंच सांभाळा. ते दुकानात बदलून मिळत नाही. आणि पोटभर जेवलात, की तेलकट हात तेवढे माझ्या झग्याला पुसू नका.