डावा खिसा

पिन तर तिने काढलेली होती. भिंतीतून उपसून, वायर गुंडाळून, टेबलाच्या कडेला डोळ्यांसमोर ठेवली होती. तरीही उघड्या पेटीत दोन्ही हात गेले मात्र, आतून कुणीतरी मनगटं धरून हिसडावीत तसा झटका बसला आणि टेलरकाकू स्टुलासकट मागे कलंडली.

फरशीवर ती तशीच बसून राहिली. बोटांत मुंग्या, छातीत धडधड. आपण ओरडलो की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं. आताशा स्वतःचा आवाजसुद्धा तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटे. सारी हयात शिलाई मशीनच्या खडखडाटात गेली होती आणि तो खडखडाट जाताना कानही बरोबर घेऊन गेला होता.

पेटी त्या कानांसाठीच होती. दारावरची बेल दाबली की मशीनच्या वर भिंतीवर लाल दिवा लागावा, एवढंच तिचं काम. यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. पण त्यांचा खरा जीव संध्याकाळच्या या टेबलावर, तारांच्या गुंत्यात आणि सोल्डरच्या धुरात रमायचा. एका सुट्टीच्या दुपारी पेटीचं झाकण उघडं टाकून ते चहाला उठले आणि कप खाली ठेवता ठेवता त्यांचं हृदय थांबलं. पेटी उघडीच राहिली.

त्यानंतर गॅसवाला दार वाजवून दोनदा परत गेला. मग एकदा शेजारणीने हात दुखेपर्यंत दार बडवलं आणि घाबरून मुलाला फोन लावला. मुलगा आला तोच निर्णय घेऊन. त्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावर खोली रिकामी होती, सूनही चांगली होती. फक्त मशीनला तिथे जागा नव्हती. येत्या रविवारी बॅग घेऊन येतो, असं त्याने तिच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं.

"दार वाजलेलं मला कळलं, तर?" तिने विचारलं होतं.

तो हसला. वडिलांसारखाच, एका गालात. "कळलं तर राहा की, आई. मला काय हौस आहे तुला उपटून न्यायची?"

त्याच्या दृष्टीने ते बोलणं तिथेच संपलं. तिने मात्र यजमानांच्या कपाटातून नवशिक्यांसाठीचं जुनं पुस्तक काढलं. एक नऊ व्होल्टचा सेल, एक चिमुकला दिवा, मध्ये वीज आवरणारा एक रेझिस्टर. पहिला दिवा तिने रेझिस्टर न लावताच जोडला. तो क्षणभर लखलखला आणि कायमचा विझला. दुसरा लागला, तेव्हा मशीनवर पहिली सरळ शिवण उतरली होती त्या दिवसासारखं तिला वाटलं. तार म्हणजे दोराच, कुठून निघून कुठे जातो ते डोळ्यांनी धरून ठेवायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. सुरुवातीचं सुरक्षिततेचं प्रकरण मात्र तिने ओलांडलं. त्यात चित्रं नव्हती, आणि रविवार जवळ येत होता.

झटक्याच्या दुसऱ्या दिवशी ती पेटी पिशवीत घालून सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदार यजमानांच्या ओळखीचा. काऊंटरवर वाकून त्याने मोठ्याने विचारलं, नातवाचा शाळेचा प्रकल्प का?

"माझाच आहे," ती म्हणाली. "नातू मला पास करतो का, ते बघायचंय."

पेटीत डोकावताच त्याचं हसू ओसरलं. त्याने एका छोट्या डब्यासारख्या भागावर लांबूनच पेन्सिल रोखली आणि तिला ओठ दिसतील अशा बेताने सावकाश समजावलं. हा कपॅसिटर. पिन काढली तरी वीज लगेच जात नाही, याच्या पोटात साठून बसते. आधी थांबायचं, मग मीटर लावून बघायचं, शिल्लक असेल तर ती जिरवायची, तेव्हा कुठे हात घालायचा. खरं तर घराच्या विजेवरचा हा उघडा भाग नवशिक्याने ठेवूच नये. त्याजागी बंद डबीतला तयार अडॅप्टर लावावा. दिव्याला तेवढं पुरतं.

मग त्याने विचारलं, "दोन्ही हात घातले होते?"

तिने मान हलवली.

"काकू, आत एकच हात घालायचा. दोन्ही घातले तर वीज एका हातातून शिरते, काळजातून जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. दुसरा हात खिशात. काकांचा असायचा ना नेहमी?"

ती बघतच राहिली. दुकानदाराला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. तिला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं.

घरी येऊन तिने कपाटातली त्यांची पँट काढली. डावा खिसा. वर्षानुवर्षं तो तळाशी फाटायचा आणि ती रफू करायची. एका हाताने काम आणि एक हात खिशात, हा कसला साहेबी थाट, म्हणून तिने त्यांना किती टोमणे मारले होते. "या डाव्या खिशाने तुमचं काय घोडं मारलंय हो?" असं ती विचारायची आणि ते पेटीतून मान वर न काढता म्हणायचे, "हा हात तुझा आहे. जपून ठेवतोय." ती त्याला थट्टा समजत आली होती. आणि जे काळीज त्यांनी एवढं जपलं, ते विजेने नाही, चहाच्या एका कपापाशी थांबलं.

तिच्या गाऊनला खिसा नव्हता. तिने त्यांचा खिसा अस्तरासकट उसवला आणि गाऊनच्या डाव्या बाजूला बसवला. मग सांगितल्याप्रमाणे थांबली, मीटरची एक तार चिमट्याने अडकवली, दुसरी उजव्या हाताने टेकवली. काटा शून्यावर आल्यावरच तिने तो उघडा भाग काढून ठेवला आणि दुकानातून आणलेला अडॅप्टर जोडून बेलच्या उरलेल्या तारा पूर्ण केल्या.

रविवारी ती मशीनवर बसली होती. भिंतीवर लाल उजेड पडला. तिने दार उघडलं तेव्हा मुलाचं बोट अजून बेलवरच होतं. त्याची नजर तिच्या मागे भिंतीकडे गेली.

"बाबांनी पूर्ण केला होता हा?"

"अर्धा."

बॅग त्याने दाराबाहेरच ठेवली, चहा घेतला, आणि जाताना तशीच रिकामी उचलून नेली. वळणावरून त्याने हात हलवला तो तिला दिसला.

संध्याकाळ झाली. कचेरी सुटून ते घरी येत ती वेळ. पूर्वी या वेळी बेल वाजे आणि मशीन न थांबवताच ती ओरडे, "आले, आले." आज मशीन बंदच होतं. ती स्टुलावर बसून दिव्याकडे बघत होती. दिवा विझलेलाच होता. तो बिघडलेला नव्हता, सकाळीच तिने पाहिलं होतं.

तिचा डावा हात खिशात गेला. तळाशी बोटांना तिच्याच रफूचे टाके लागले, एकावर एक, घट्ट. ती हात तसाच ठेवून बसली.