अकरा नंबरचं बीपी

बायकांच्या वॉर्डात खाटा बत्तीस, सिस्टर दोन, आणि त्यातली एक कायम रजेवर. उरलेल्या सिस्टरला व्यवस्थापनाने मोठ्या मनाने एक भेट दिली होती: मनःशांतीची कार्यशाळा. तीही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे कामाचा खोळंबा नको. कामातच शांततेचे क्षण शोधा, असं सांगून व्याख्याते गाडीत बसून निघून गेले. सिस्टर उपाशीपोटी वॉर्डात परतली, तर सात जणी एकदम हाका मारत होत्या.

पण सांगितलेलं काम टाळणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने क्षण शोधले. कानात स्टेथोस्कोप असला की जग तोंडाला कुलूप लावतं, हे तिच्या लक्षात आलं. एरवी बेडपॅनसाठी आकाशपाताळ एक करणारे नातेवाईक बीपी घेताना एकमेकांना गप्प करतात. खुद्द डॉक्टरही थांबतात. एवढा मान तिला स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

मग काय, अकरा नंबरच्या आजींचं बीपी दिवसातून सहा वेळा घेतलं जाऊ लागलं. आजी न्यूमोनियातून उठलेल्या, बोलणं बेताचं. न सांगता हात पुढे करायच्या. बीपी मिनिटभरात घेऊन व्हायचं. पुढची चार मिनिटं सिस्टर आजींचं मनगट धरून, डोळे मिटून, स्टुलावर नुसती बसायची. बाई मात्र प्रामाणिक. घेतलेलं प्रत्येक बीपी ती वेळेसकट तक्त्यात लिहायची. नेमकं तेच नडलं.

शुक्रवारी आजी घरी जायच्या होत्या. त्यांचे यजमान ठार बहिरे. घरात फोन वाजून वाजून थकला तरी त्यांना पत्ता नसायचा. शेजारीण दोन वेळचं जेवण देत होती, पण शनिवारी ती लेकीकडे निघणार होती. आजींनी पहाटेच पिशवी भरून ठेवली होती. राऊंडला डॉक्टरांनी तक्ता उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आकडे सगळे ठीक, पण इतकी मुरलेली सिस्टर उगाच सहा-सहा वेळा बीपी बघेल का? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना अनुभवी नजरेचं महत्त्व समजावलं, डिस्चार्ज रद्द केला, हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या आणि सोमवारी बघू म्हणाले.

आजींनी पिशवीतला कंगवा काढून परत कपाटात ठेवला. सिस्टरने ते पाहिलं. गप्प बसावं तर नोकरी शाबूत, वर कौतुक फुकटात. बोलावं तर अब्रूचं खोबरं. राऊंड दोन खाटा पुढे गेली होती. ती मागोमाग धावली.

"डॉक्टर, आजींना काही झालेलं नाही. मला बसायला मिळावं म्हणून मी बीपी घेत होते."

बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्या वॉर्डात स्टेथोस्कोपाशिवाय शांतता पसरली. डॉक्टरांनी आधी डिस्चार्जवर सही केली आणि मग सर्वांदेखत तिची हजेरी घेतली. लेखी खुलासा द्या म्हणाले, आणि यापुढे बीपी दिवसातून दोनदाच.

सिस्टर आजींची पिशवी पुन्हा भरायला गेली. माझ्यामुळे तुम्ही अडकला होतात, माफ करा, असं तिने मान खाली घालूनच सांगितलं.

"मला ठाऊक होतं गं," आजी म्हणाल्या. "एकदा तर तू चक्क घोरलीस."

मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत, सिस्टरने विचारलं.

"तुझी नोकरी गेली असती. आणि त्याआधी सांगितलं असतं, तर तू यायची बंद झाली असतीस." आजींनी कंगवा तिच्या हातात दिला. "यांना ऐकू येईनासं झालं तसं आमचं बोलणं संपलं. कुणी माझा हात धरून बसलं, त्याला किती वर्षं झाली, आठवतही नाही."

स्टेथोस्कोप कानात नव्हता, गळ्यातच होता, त्यामुळे नऊ नंबर, चौदा नंबर आणि कुणाचा तरी जावई असे तिघं एकदम हाका मारत होते. सिस्टरने स्टूल ओढलं आणि आजींचा हात हातात घेऊन बसली.