सतरा नंबरचा जोड

औशात धम्मानंदच्या ग्रिलच्या दुकानात वेल्डिंगचा रॉड पेटवायची एकच रीत होती. जोडाशेजारच्या लोखंडावर टिचकी मारायची, ठिणगी उडाली की रॉड जोडावर न्यायचा. लुंबिनी बापाकडून हेच शिकली. खिडकीच्या गजाला त्याचं काही वाटत नाही. पण आता ती गॅसच्या पाइपलाइनवर कामाला लागली होती आणि तिथलं पोलाद भलतं कडक आणि तितकंच मानी. टिचकी बसली तेवढा ठिपका ठिसूळ होतो आणि आत दाब चढला की तिथूनच चीर धरते. इथं रॉड पेटवायचा तो जोडाच्या खाचेतच.

पण सवय हाडीमासी मुरलेली. पंधरा दिवसांत दोनदा टिचकी बसली. इंजिनिअर गुरुपादप्पांनी बजावलं, "तिसऱ्यांदा झालं तर घरी जायचं."

लाइनीवरची ती एकटीच बाई वेल्डर. घरी जायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं.

त्या दिवशी जोड सुरेख भरत आला होता. शेवटचा रॉड घेतला आणि मेला हात गेलाच शेजारी. मोहरीएवढा ठिपका उठला. कुणी पाहिलं नव्हतं. ग्राइंडर हाताशीच होता, वरून लेप बसला की सगळं झाकलं गेलं असतं. तिला रडू आलं, स्वतःचा संतापही आला. उद्या यावर माती पडेल, सोयाबीन उगवेल, बाया खुरपायला बसतील. तिनं खडू घेतला आणि ठिपक्याभोवती गोल काढला.

गुरुपादप्पा वाकून म्हणाले, "मला दिसलं नसतं."

"मला दिसलं ना, साहेब. जाते घरी. पन जोड माझा हाय, भरूनच जाते."

जोड कापला, कडा घासल्या, पाइप पुन्हा तापवला. आता प्रत्येक रॉडआधी लुंबिनी मोठ्यानं म्हणायची, "खाचेत!" क्रेनवरचा भुजंग आधी हसला. चौथ्या रॉडापासून तोही ओरडू लागला, "खाचेत!" एकही ठिपका उठला नाही.

ती सामान आवरू लागली तसा गुरुपादप्पांनी खडू पुढे केला. "नंबर लिही. बिननंबराचा जोड मातीत जात न्हाई."

तिनं पाइपावर सतरा लिहिलं, लाइनीवरचा तिचा वेल्डर नंबर. "आन उद्याचा जोड?"

"त्यावर बी सतराच. दोन टिचक्या मी धरल्या, ही तू धरलीस. सातला ये."

तिनं तिथूनच बापाला फोन लावला. "बाबा, दुकानात आजपासून टिचकी बंद."

"का गं? ग्रिल बिघडतंय व्हय?"

"ग्रिल न्हाई, बाबा. हात बिघडतो."