डावी बाजू रिकामीच होती

मित्रांनो, मी एक जुने सोनोग्राफीचे यंत्र आहे. बारा वर्षे मी लोकांच्या पोटात डोकावत आलो, पण माझ्या स्वतःच्या पोटात दुखू लागले ते शेजारी नवे यंत्र आले तेव्हा. त्याचा पडदा मोठा, चाके गुळगुळीत. डॉक्टरबाई त्याला मऊ कापडाने पुसायच्या. माझ्यावर कुणाचा तरी स्वेटर पडलेला असे. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट पाहिली. नऊ महिने झाले.

एके दिवशी माझा पडदा थरथरू लागला. मला दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींची एक रीत होती. काम झाले की माझा प्रोब ते स्वतःच्याच पोटावर फिरवायचे, आधी उजवीकडे, मग डावीकडे. दोन्ही किडन्या दिसल्या की मी पास. या वेळी मात्र त्यांचे जावई पहिल्यांदाच आले. त्यांनी कंबरदुखीची गोळी घेतली, मला उघडून नीट केले आणि सासऱ्यांसारखाच शर्ट वर केला. उजवीकडे किडनी दिसली, जरा लांबुडकीच. डावीकडे काहीच नाही. त्यांनी तीनदा पाहिले.

"बाई, डावी बाजू दाखवतच नाही हे. भंगारात काढा."

"काढू या. तसंही नवीन आहेच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जे होते तेच तर मी दाखवत होतो.

"थांबा, फरकच दाखवतो," म्हणत जावई त्या लाडोबाकडे वळले. आता हा मिरवणार, असे मला वाटले. पण त्याच्याही पडद्यावर डावी बाजू रिकामीच होती. बाईंनी प्रोब हातात घेतला आणि त्या बराच वेळ उजवीकडेच थांबल्या.

"तुमची डावी किडनी उजवीकडे जाऊन दुसरीला चिकटलीये. जन्मापासूनच. फार क्वचित आढळतं असं. घाबरू नका, पण त्या गोळ्या किती दिवस घेताय?"

"दोन वर्षं. रोज एक."

"आजपासून बंद. किडन्या खराब करतात त्या. आणि दरवर्षी येऊन दाखवायचं."

रिपोर्टला फोटो लागला तो लाडोबाचा. आधी दाखवले मी, नाव झाले त्याचे. माझा जळफळाट अजून गेलेला नाही, लपवू कशाला?

भंगारात मात्र मी गेलो नाही. जावई तपासणीला आले की बाई नवे यंत्र सुरू करू लागतात आणि ते म्हणतात, "आधी जुन्यावर बघू." तेवढ्यावर मी वर्ष काढतो. मित्रांनो, जुने काही वेगळेच दाखवू लागले, तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा स्वतःचे पोट तपासून घ्या.