नोंदवहीतला ‘बंद’

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे स्वतः अखंड जागं राहून बाकीच्या संगणकांना हवी ती माहिती काढून देणारा, लहान कपाटाएवढा संगणक. कारखान्यात मला जाड पत्र्याचा अंगरखा चढवला, पुढे कुलूप लावलं आणि झाकणाखाली एक खटका बसवला. कोणी झाकण उघडलं की मी असा काही कोकलायचो, की खालच्या मजल्यावरचा माणूस धावत जिना चढून यायचा. दिसायला मी यथातथाच, पण आवाजाला कमी नव्हतो.

मला आणलं ते मनाचे आजार बरे करणाऱ्या एका दवाखान्यात. तिथे नोंदी ठेवणाऱ्या एक ताई होत्या. खोलीबाहेर पडताना त्या कुलूप तीनतीनदा ओढून पाहायच्या, म्हणून सगळे त्यांना कुलूपताई म्हणत. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, “मोकळेपणाने बोला. या कानाचं त्या कानाला कळणार नाही.” मग ते सारं माझ्या पोटात उतरायचं. कोणाला झोप का लागत नाही, कोण घर सोडून निघालं होतं, सगळं. एके दुपारी ताईंनी स्वतःच्या धाकट्या बहिणीची नोंद केली. झाल्यावर माझ्या झाकणावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “हे आपल्या दोघांतच हं.”

बारा वर्षं मी ब्र काढला नाही. डॉक्टर पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, “ही आमची तिजोरी!” तेव्हा माझे पंखे उगाच जोरात फिरायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग नवा सर्व्हर आला. चपटा, काचेच्या दाराच्या लोखंडी कपाटात ऐटीत बसणारा. माझी वायर काढली आणि मला जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांशेजारी सारलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्यासाठी त्या नऊ दिवसांची तीन वर्षं झाली. माझं कुलूप उघडंच राहिलं आणि किल्लीही कुठे तरी हरवली. वीज काढली की यंत्राच्या पोटातलंही विझतं, असं ताईंना वाटायचं, आणि तसं नसतं, हे मला सांगता येत नव्हतं.

एक दिवस दवाखान्यातलं कोणतं यंत्र किती सुरक्षित आहे, हे ठरवायला एक तपासनीस बाई आल्या. नेमका त्याच दिवशी भंगारवाला मला न्यायला येणार होता. बाईंच्या कागदावर प्रश्न होता, ‘बंद आहे का?’ माझ्या नावापुढे कुलूपताईंनी नोंदवहीत पाहून स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘बंद आहे.’ मला पैकीच्या पैकी गुण! नव्याची मात्र खरडपट्टी निघाली.

“या कपाटाची किल्ली कुठे असते?” बाईंनी विचारलं.

“वरच, कपाटावर. शोधायला नको म्हणून,” डॉक्टर म्हणाले.

“चोरालाही नको,” बाई म्हणाल्या.

मला मनातून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू? तेवढ्यात भंगारवाल्याने मला उचलून दारातल्या हातगाडीवर ठेवलं. बाई परत निघाल्या होत्या, त्या मला पाहून थबकल्या.

“हे काय?”

“तो जुना सर्व्हर. बंद आहे तो,” ताई म्हणाल्या.

“बंद म्हणजे कुलूपबंद ना?”

“नाही हो. बंद म्हणजे... वीज काढलेला.”

बाईंनी माझं झाकण सहज उचललं. मी कोकलायला गेलो. पण वीजच नाही, तर बोंब कोण मारणार? त्या म्हणाल्या, “नव्याच्या माहिती साठवणाऱ्या चकत्या चोराने नेल्या, तरी त्याला ओ की ठो कळणार नाही. त्यातलं लिखाण सांकेतिक आहे. याच्या चकत्या कोणीही दुसऱ्या यंत्राला जोडाव्यात आणि वाचत बसावं. तुमच्याकडचा सगळ्यात उघडा हाच.”

ताई हातगाडीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. “थांबा दादा! माझं माणूस आहे यात!”

भंगारवाला घाबरून दोन पावलं मागे सरला.

“परत आत ठेवू, जपून,” डॉक्टर म्हणाले. मित्रांनो, मलाही तेच हवं होतं. पण ताईंनी मान हलवली. “इतके दिवस जपूनच ठेवला होता की.” त्यांनी फळ्या बसवायला आलेल्या सुतारकाकांना हाक मारली. काकांनी माझ्या तिन्ही चकत्या बाहेर काढून ड्रिलने त्यांची चाळण केली. तोवर ताईंचा हात माझ्या झाकणावर होता. “तू शब्द पाळलास रे,” त्या म्हणाल्या. “विसरले ती मीच.”

म्हणून सांगतो, जुना संगणक, जुना फोन घराबाहेर काढाल, तेव्हा तो बंद आहे एवढ्यावर जाऊ नका. त्याच्या पोटात कोणाचं काय आहे ते पाहा, ते पुरतं नाहीसं करा आणि मगच त्याला निरोप द्या.

आता मी हातगाडीवर आहे. अंगात नुसता पत्रा उरलाय, आणि पत्र्याला जेवढं आठवतं तेवढं तुम्हाला सांगितलं. ताईंच्या त्या बहिणीचं नाव काय होतं, असं वाटेत कोणी विचारलं, तर मला खरंच आठवत नाही.