सुधारलेली चाल

निरंजनचा प्रकल्प विद्यापीठात पहिला आला. पण ते राहू द्या. क्रीडाशास्त्र शिकणाऱ्या निरंजनने सुट्टीत बुऱ्हाणपूरला येऊन, प्रकल्प म्हणून वडिलांची फेंगडी चाल सरळ केली. तेव्हापासून घरची म्हैस पान्हा सोडेना. फरफर पाय घासत येणारा आपला माणूस गेला कुठे, म्हणून ती गोठ्याच्या दाराकडे बघत राहायची.

“आबा, पहिल्यासारखं चाला ना,” निरंजन खाली मान घालून म्हणाला.

“आता नाही जमत बेटा. तू एकदम पक्कं शिकवलं,” आबा कौतुकाने म्हणाले आणि रिकामी बादली घेऊन ताठ चालत घरात गेले.

निरंजनने विभागप्रमुखांना अर्ज केला: ‘माझा पहिला क्रमांक रद्द करून, सदर म्हशीच्या हितार्थ वडिलांची मूळ चाल पूर्ववत करून मिळावी, ही नम्र विनंती.’