सिलोनच्या कड्यावर गेलेली पाठपिशवी

मी एक जुनी पाठपिशवी आहे. बेंगळुरातल्या बनशंकरी भागात, एका नव्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराआड, खिळ्याला लटकत असते. सध्या माझ्या पोटात कांदे आहेत. मित्रांनो, कांद्यांशी माझं काही वैर नाही. पण आगगाडी, बोट आणि पुन्हा आगगाडी असा प्रवास करून जी सात हजार फुटांवरच्या माळावर चालून आली, तिला घरातली सूनबाई ‘ती कांद्याची मळकी पिशवी’ म्हणते तेव्हा मला राग येतो. म्हणून आज सगळं सांगूनच टाकते.

माझा जन्म १९५७ साली बेंगळुरात, चिक्कपेटेमागच्या एका गल्लीत झाला. तिथे फत्तेसिंगांचं शिवणाचं दुकान होतं. फत्तेसिंग लढाईच्या काळात एका पलटणीचे शिंपी होते आणि पलटणीबरोबर सिलोनला जाऊन आले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. मशीन त्यांच्या बायकोच्या, सोयराबाईंच्या हाती आलं आणि फत्तेसिंग दुकानाच्या कट्ट्यावर बसू लागले. बसल्या बसल्या माणूस बोलणारच. ते सिलोनच्या गोष्टी सांगत.

त्यातली एक गोष्ट गल्लीला तोंडपाठ होती. एका साहेबाचा फाटलेला तंबू शिवायला ते उंच माळावर गेले होते. तिथे जमीन चालता चालता एकदम संपते. त्या जागेला ‘जगाचा शेवट’ म्हणतात. पायाखाली अर्ध्या मैलाचा सरळ कडा, डावीकडे एक सुळका, तळाशी चहाचे मळे, आणि पार लांब समुद्र. निळ्या कापडाला रुपेरी गोट लावावा तसा.

समोरचा पानवाला गुंडो यावर पोट धरून हसे. “अण्णा, डोंगरावरनं पन्नास मैलांवरचा समुद्र दिसतो काय? स्वल्प कमी करा की!” मग कट्ट्यावरचे सगळे हसत. फत्तेसिंगांना लोक ‘सिलोनचे राजे’ म्हणू लागले. पहिली काही वर्षं ते भांडले. नंतर नुसतं हसू लागले. आणि मग एक दिवस त्यांनी ती गोष्ट सांगणंच सोडून दिलं. सोयराबाईंना हेच फार लागलं.

त्याच हिवाळ्यात शालनबाई दुकानात आल्या. या एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. त्यांना अकरा मुलींना घेऊन सिलोनच्या त्याच माळावर पायी सहल काढायची होती आणि त्यासाठी बारा पाठपिशव्या हव्या होत्या. जाता जाता त्या कुरकुरल्या, “मुलींचे आईवडील म्हणतात, बरोबर एखादी पोक्त बाई पाहिजे. आता अशी बाई मी कुठून आणू?”

सोयराबाईंनी मशीन थांबवलं. “मी येते,” त्या म्हणाल्या.

लष्कराच्या लिलावातल्या जुन्या तंबूंतून बारा पिशव्या निघाल्या. उरलेल्या तुकड्यांतून सोयराबाईंनी स्वतःसाठी मला शिवलं. माझं अंग तीन रंगांचं आहे ते त्यामुळे. मापं फत्तेसिंगांनी तोंडी सांगितली. “बूड कंबरेच्या खाली चार बोटं. पलटणीत असंच असतं.”

निघायच्या दिवशी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि एकेक शिवण बोटांनी तपासली. मग हळूच म्हणाले, “खरं सांगू? आता माझा मलाच भरवसा वाटत नाही. ढग असेल, मला समुद्र वाटला असेल. तू नीट बघून ये. नसला तर नसला म्हणून सांग. कीव करून खोटं बोलू नको.”

“सरी, बघून येते,” सोयराबाई म्हणाल्या. 

मद्रास, धनुष्कोडी, मग बोट, मग सिलोनची आगगाडी. बोटीत मुली ओकत होत्या आणि सोयराबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. समुद्र कसा दिसतो, ऊन पडलं की त्याचा रंग कसा पालटतो, हे त्यांनी डोळ्यांत साठवून घेतलं. उद्या फसायला नको!

ओहिया स्टेशनापासून माळावरच्या विश्रामगृहापर्यंत सामान हमालांनी नेलं. त्यामुळे माझी खरी परीक्षा दुसऱ्या सकाळीच होती. तिथल्या रखवालदाराने शालनबाईंना बजावलं होतं, की नऊ वाजले की खालून धुकं चढतं आणि मग कड्यावर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. दुपारी परतीची गाडी होती. म्हणजे समुद्र दिसायचा तर त्याच सकाळी, नाहीतर कधीच नाही.

उजाडताच सगळ्या निघाल्या. गवतावर हिमाचे कण होते, वाकड्यातिकड्या झाडांना लालभडक फुलं आली होती. माझ्या पोटात सगळ्यांच्या चपात्या आणि चटणी. सोयराबाई झपाझप चालत होत्या. पण पहिल्या मैलातच त्या थांबल्या आणि हात मागे नेऊन लुगड्याचा कासोटा घट्ट खोवला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. मित्रांनो, चूक माझी होती, म्हणजे माझ्या मापाची. दर पावलाला माझं बूड त्यांच्या कासोट्यावर घासत होतं आणि तो सुटत होता. पलटणीत कुणी नऊवारी नेसत नव्हतं, ही गोष्ट जन्मभर कपडे शिवणाऱ्या त्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती!

ओढ्याच्या चढावर कासोटा पुरता सुटला. सोयराबाई झाडाआड मटकन बसल्या. मुली पुढे निघून गेल्या होत्या. शालनबाई धावत मागे आल्या.

“अक्का, पिशवी मला द्या. किंवा इथेच ठेवू या. साडेआठ होत आले.”

“तुझ्या पाठीवर एक आहेच की. आणि इथं ठेवून पोरी उपाशी राहायच्या?” सोयराबाईंना धाप लागली होती, पण आवाज करडा होता. “मी शिवलेली पिशवी मलाच पेलत नाही म्हटलं तर मी कसली शिंपीण? तू हो पुढं. पोरींना कड्याच्या काठावर एकटं सोडू नको.”

शालनबाई गेल्या. सोयराबाईंनी चोळीच्या काठात टोचलेली सुई काढली. सुई-दोऱ्याशिवाय त्या कधी घराबाहेर पडत नसत. आधी त्यांनी माझे खांद्याचे बंद दुमडून आखूड केले. मग माझ्या झाकणाचा, मधे बक्कल असलेला लांब पट्टा दातांनी उसवून काढला आणि माझ्या दोन्ही कडांना शिवून टाकला. गार वाऱ्याने बोटं वाकत नव्हती, सुई दोनदा नखात गेली. एरवी मी कुरकुरले असते. त्या दिवशी मात्र मी एकेक टाका श्वास रोखून घेतला. कारण खालच्या दरीतून पांढरं धुकं वर यायला लागलेलं मला दिसत होतं.

लुगडं ठाकठीक नेसून त्यांनी मला पाठीवर चढवलं आणि तो पट्टा कासोट्यावरून कमरेला आवळला. आता मी जितकी दाबत होते तितका कासोटा घट्ट बसत होता! सोयराबाईंनी दोन पावलं टाकून बघितली, स्वतःशीच हसल्या आणि पळत सुटल्या. बावन्न वर्षांची बाई, माझं उघडं झाकण फडफडतंय, आत चपात्या उड्या मारतायत. अशी मिरवणूक त्या माळाने पाहिली नसेल. वाटेत रेंगाळलेल्या दोन मुलींना मागे टाकून आम्ही कड्यावर पोचलो.

शालनबाईंनी माझा पट्टा मागून धरला आणि सोयराबाईंनी पोटावर पडून खाली डोकावून पाहिलं. मला काय दिसणार? पाठपिशवीच्या नशिबी नेहमी मागचं असतं, आणि तेव्हा तर नुसतं आभाळ होतं. पण त्यांचं काळीज धडधडत होतं ते मला कळत होतं. मग त्या उठल्या, मला उतरवलं आणि एका खडकावर दरीकडे तोंड करून ठेवलं.

जमीन खरोखरच संपली होती. डावीकडे सुळका होता. तळाशी चहाचे मळे, त्यांत मुंगीएवढी माणसं. त्याच्या पुढे टेकड्या, सपाटी, आणि सगळ्याच्या शेवटी एक निळी पट्टी. तिच्यावर ऊन पडलं आणि कडेला रुपेरी रेघ चमकली.

“अक्का, समुद्रच तो!” शालनबाई म्हणाल्या.

“मला सांगायला नको,” सोयराबाई म्हणाल्या. “मी बोटीवरनं बघून ठेवलाय.” आणि त्या रडायला लागल्या. आनंदाने माणूस एवढं रडतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जेमतेम पाच मिनिटं गेली असतील. धुकं वर आलं आणि सगळं झाकलं गेलं. झाकू दे! आमचं काम झालं होतं.

बेंगळुरात पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. कट्टा माणसांनी भरलेला. मला पाठीवर घेऊनच सोयराबाई दुकानासमोर उभ्या राहिल्या.  फत्तेसिंगांना विचारायची भीती वाटत होती.

“समुद्र आहे!” सोयराबाई म्हणाल्या. सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्याने. “सुळका आहे, चहा आहे, रुपेरी गोट आहे. हे बोलले त्यातला एक शब्द खोटा नाही. अजून कुणाला हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. मी इथंच उभी आहे.”

 फत्तेसिंगांनी हात पुढे केला. तो आधी माझ्या पट्ट्याला लागला, मग सोयराबाईंच्या हाताला.

“धुकं आलं नाही?” त्यांनी विचारलं.

“आलं की. पण मी त्याच्या आधी पोचले.”

फत्तेसिंग ताठ बसले. इतक्या वर्षांत मी... छे, मी तर जेमतेम दोन महिन्यांची होते, पण गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. गुंडो दुकानातून खाली उतरला आणि कट्ट्यावर त्यांच्या पायाशी येऊन बसला. “अण्णा,” तो म्हणाला, “मी जास्तच हसलो. आता पहिल्यापासून सांगा.” त्या संध्याकाळी गुंडोचं दुकान तासभर कुणी न बघता उघडं पडलं होतं.

पुढे दहा वर्षं शालनबाईंच्या मुली माझ्यासारख्याच कमरपट्ट्याच्या पिशव्या घेऊन शिवगंगा चढल्या, सावनदुर्ग चढल्या. मीही सोयराबाईंबरोबर चार-दोनदा गेले. मग त्यांचे गुडघे दुखू लागले, घर बदललं, आणि मी या खिळ्यावर आले. माझं बूड विरलं आहे, दोन टाके पडले तर बरं होईल.

पण मित्रांनो, माझं राहू द्या. तुमच्या घरात एखादं वयस्क माणूस काही विलक्षण पाहिल्याचं सांगत असेल, तर हसून उठून जाऊ नका. आणि तुमचे पाय धड असतील तर एकदा तिथे जाऊन बघून या, आणि परत आल्यावर भर गल्लीत, मोठ्याने सांगा.